आधी बसून दाखवा

गावंडेसाहेबांनी बैठक बोलावली की आमच्या महापालिकेतले अधिकारी आधी एकच गोष्ट विचारायचे: आत की बाहेर? आत म्हणजे एसी, बिस्किटं आणि डुलकी. बाहेर म्हणजे मे महिन्यातल्या भर दुपारी, सरकारी हॉस्पिटलसमोरचा बसस्टॉप.

गावंडे आमच्या हवामान कक्षाचे प्रमुख. दिल्लीला चिकटलेल्या आमच्या या शहराचा ताप कमी करायची जबाबदारी या एका माणसावर होती, आणि बसायला खोली दिली होती ती जिन्याशेजारची, पश्चिमेच्या खिडकीची. मूळचे अकोल्याचे. कोणी घाम पुसत "साहब, बहुत गर्मी है" म्हणालं की ते खूश व्हायचे. "ये कोई धूप है? अकोला आइए." हेच मला मराठीत: "हे काय ऊन आहे, पुणेकर?" नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नाही. स्वतः मात्र एप्रिल लागला की डोक्याला पांढरा दुपट्टा, हातात काळी छत्री आणि खिशात कांदा.

छतांवरचं सोलर, झाडं, तलाव, उन्हाळ्याचा आराखडा, सगळं ते चोख करायचे. पण जीव अडकला होता तो स्टीलच्या बाकांत. शहरातल्या प्रत्येक बसस्टॉपवर चकचकीत स्टीलचे बाक होते. दुपारी त्यांवर पापड भाजून निघाला असता. त्यात छप्पर असं बांधलेलं की दुपारनंतर त्याची सावली मागच्या नालीवर पडायची. बसची वाट बघणारी माणसं मग विजेच्या खांबाच्या तेवढ्याशा सावलीत एकामागे एक ओळीने उभी राहायची.

"हिमनद्या वितळून राहिल्या, त्याचं पाहू," गावंडे म्हणायचे, "आधी या बाईला बसू द्या."

म्हणून त्या बाहेरच्या बैठका. एकदा एक कंत्राटदार उन्हाशी सामना करणाऱ्या बसस्टॉपचं प्रेझेंटेशन घेऊन आला. गावंड्यांनी लॅपटॉप उघडू दिला नाही. बाकाकडे बोट केलं. "पहले बैठ के दिखाइए." तो बसला, आणि बसला त्याहून लवकर उठला. खांबाच्या सावलीतली एक बाई दुसरीला म्हणाली, "आज साहब लोगों को सेंका जा रहा है." त्यांनी आमच्या आयुक्तांनाही बसवलं. आयुक्त फाईल बुडाखाली घ्यायला लागले तर ती हळूच काढून घेतली.

पुढे पुढे ही सवयच जडली. ऑफिसातल्या एकाच्या मुलीच्या लग्नात हे स्टेजवर गेले, आहेर देण्याआधी नवरा-नवरीच्या मखमली सिंहासनावर तळवा दाबला आणि "हरकत नाही, बसू शकता" असा निकाल दिला. नवरा आधीच बसला होता. तो दचकून उठला.

फक्त मला त्यांनी कधी बसून दाखवायला सांगितलं नाही. मराठी माणूस म्हणून सूट असेल, असं मी धरून चाललो होतो. त्या सवलतीचा मला फार आधार होता, कारण ते बाक मी पास केले होते.

इतकी वर्षं हे कोणाला सांगितलं नाही, घरीसुद्धा नाही. तेव्हा मी खरेदी विभागात होतो. जानेवारी होता. खिडकीबाहेर धुकं, पायाशी हीटर, समोर गुळगुळीत कॅटलॉग. चित्रातली माणसं कोट घालून त्या बाकावर हसत बसली होती. गंजणार नाही, चोरीला जाणार नाही. दिल्लीच्या जानेवारीत मे कोणाला आठवतो? मी सही केली. पुढे ऑफिस नव्या इमारतीत हललं, त्यात ती फाईल हरवली, आणि मी सुटलो. गावंडे आमच्याकडे आले ते त्यानंतर.

रोज दुपारी आम्ही त्यांच्या खोलीत एकत्र डबा खायचो. पहिला घास घेतला की त्यांच्या शिव्या सुरू. "ज्या महाभागानं हे बाक घेतले ना, त्याच्या गाडीचा एसी भर सिग्नलला बंद पडो." दुसऱ्या दिवशी: "त्या महाभागाला प्रत्येक लग्नात जनरेटरशेजारची खुर्ची मिळो." आणि मग माझ्या पोळीवर ठेचा वाढत, "घ्या ना. तुम्ही तर काहीच बोलत नाही." मी खायचो. ठेच्याने डोळ्यांत पाणी यायचं, ते बरंच होतं.

डबा ते स्वतःच करायचे. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी नोएडात. नातवाने एकदा विचारलं होतं, "आजोबा, सावली मतलब?" हा किस्सा त्यांनी मला विनोद म्हणून सांगितला. मग पुन्हा काही दिवसांनी विनोद म्हणूनच सांगितला. रविवारी दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या, महाराष्ट्र सरकारच्या अतिथिगृहात जेवायला जायचे. झुणक्यासाठी, असं म्हणायचे. पण झुणका संपला तरी स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी मुलांच्या टेबलाशी उभं राहून अकोल्याचं ऊन समजावत असायचे.

या मे अखेरीला ते निवृत्त होणार होते. जाण्याआधी एकच हवं होतं: हॉस्पिटलसमोरच्या स्टॉपवर लाकडी बाक, आणि सावली माणसांवर पडेल असं छप्पर. प्रस्तावाची फाईल वरून शेरा घेऊन परत आली. बाक शाबूत असताना बदलायचे कशाला? ज्याने निवडले त्याने निवड चुकली असं लिहून द्यावं, नाहीतर प्रस्ताव बंद.

त्या दिवशी जेवताना त्यांनी महाभागाला एकही शिवी दिली नाही. "राहू द्या," एवढंच म्हणाले. "माझ्यानंतरचा पाहील."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच स्टॉपवर गेले होते. मी डबा घेऊन मागोमाग गेलो आणि पाठीमागूनच म्हणालो, "साहेब, तो महाभाग मी आहे."

ते वळले नाहीत. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या उन्हाळ्यापासून. बाकीचे सगळे माझ्याशी भांडायचे, बाक चांगला आहे म्हणून. तुम्ही एकटे खाली पाहायचे."

"मग बोलला का नाहीत?"

ते छत्रीची मूठ चाचपत राहिले. "बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आले असते का तुम्ही?" मग खांबामागच्या ओळीकडे बघत म्हणाले, "या बायांशी बेइमानी झाली माझ्याकडून. पण एकट्यानं जेवण जात नाही हो मला. अन् मराठीत शिव्या कोणासमोर द्यायच्या?"

मी फाईल मागितली. ती त्यांच्या पिशवीतच होती. उभ्याने लिहिता येईना. गावंड्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, नीट घड्या घातल्या आणि बाकावर पसरला. आयुक्तांनासुद्धा त्यांनी नुसत्या स्टीलवर बसवलं होतं.

"आता बसून दाखवा, पुणेकर."

मी बसलो. घड्यांतूनही चटका लागला. पांढऱ्या कागदावरचं ऊन डोळ्यांत जात होतं, अक्षर दिसेना. निवड माझी होती, एवढं कसंबसं लिहिलं आणि कागदावर एकाएकी सावली आली. वर बघितलं तर छत्री माझ्यावर होती आणि त्यांचं टक्कल उन्हात.

"साहेब, छत्री तुमच्यावर घ्या."

"हे काय ऊन आहे?" ते म्हणाले. "लिहा तुम्ही."