न्यूट्रलची रिकामी जागा

सुनेच्या लेथसाठी आम्ही गॅरेजात तीन फेजची वीज मागितली, आणि नियमाप्रमाणे वीज आधी घर बघायला आली. मंगळवारी दुपारी चारला, वायरमन बजरंग खोताच्या मागून, तिघीजणी. एक लाल साडीतली, एक पिवळ्या, एक निळ्या. चपला न काढता सरळ आत. विजेनं रबरी चपला काढायच्या नसतात, असं बजरंग म्हणाला. मला हे तेव्हाच आवडलं नव्हतं.

सून म्हणजे वैजयंता. माझा लेक गेला त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून कुपवाडच्या ह्या घरात आम्ही दोघीच. तिनं कारखान्यात एकोणीस वर्षं लोखंड कातायचा लेथ चालवला. कारखाना बंद पडला तेव्हा तोच लेथ उचलून आणला आणि लेकाची गाडी उभी असायची तिथं बसवला. घरातल्या साध्या विजेवर तो फिरत नाही. तिकडं होसूरच्या कारखान्यानं तिला एक तारखेला हजर व्हायला बोलावलं होतं. तीस तारखेपर्यंत लेथ फिरला तर ती राहणार, नाही तर लेथ विकून जाणार. म्हणाली, तुम्ही इथंच राहा आत्या, मी दिवाळीला येत जाईन. दिवाळीला म्हणजे वर्षातून चार दिवस.

म्हणून मी गॅरेज शेणानं सारवल्यासारखं स्वच्छ केलं, बाजेवर नवी चादर घातली, पोहे केले. तिघी बाजेवर बसल्या आणि प्रश्न सुरू झाले. लालनं विचारलं, यंत्र किती हॉर्सपॉवरचं. वैजयंता म्हणाली, तीनचं. म्हणजे आम्हाला प्रत्येकी एकच, असं म्हणून तिनं नाक मुरडलं. पिवळीला पत्र्याचं छप्पर खुपलं. निळीनं भिंतीवरची जुनी वायर दोन बोटांत धरून बघितली आणि म्हणाली, असल्या बारक्यात आम्ही मावायच्या नाही. वैजयंतानं नवीन जाड तांब्याची वायर दाखवली. मागं अर्थिंगचा खड्डा खणला होता, त्यातलं मीठ आणि कोळसासुद्धा तिघींनी हाताळून बघितला. मी चाळीस वर्षं ह्या घरात वीज वापरते, पण असला तोरा कधी बघितला नाही.

आता माझ्या हातून झालं ते सांगते. शुभकामाला तीन माणसं बसली की आमच्यात चौथी सुपारी ठेवतात. तीन नको म्हणून. मी मोजल्या, तीनच होत्या. बाजेवर त्यांच्या शेजारी रुमाल अंथरून त्यावर सुपारी बसवली, हळदकुंकू लावलं.

चौथा दारात उभा होता. काळा सदरा, किडकिडीत अंग, तोंडातून शब्द नाही. तो न्यूट्रल. खांबाजवळ बूट पुसत राहिला म्हणून मागं पडला होता. त्यानं आपल्या जागेवर सुपारी बघितली, मान खाली घातली आणि निघून गेला.

तो फाटकाबाहेर पडला तशी लाल फुगायला लागली. तिच्यापुढचा चहा कपात उकळला, निळीपुढचा गार पडला. आत मिक्सर आपोआप किंचाळला, पंखा मात्र म्हाताऱ्यासारखा फिरायला लागला. बजरंगनं घाईनं तिघींना बाहेर काढलं. चौघं येणार हे आधी का सांगितलं नाहीस, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, मावशी, त्याला कुणी धरतच नाही मोजताना. मग रागवायचा हक्क त्याला कुणी दिला, हे मला कुणी सांगावं.

दुसऱ्या दिवशी वीज कार्यालयात कुरणे साहेबांनी अहवाल वाचून दाखवला. अर्जदाराच्या सासूनं न्यूट्रलच्या जागी सुपारी बसवली. न्यूट्रलनं ह्या पत्त्यावर पुन्हा पाऊल न ठेवण्याचं लेखी दिलं आहे. दुसरा न्यूट्रल चैत्रात मिळेल.

तेव्हा मार्गशीर्ष चालू होता. वैजयंता नुसती अर्जाची घडी घालत राहिली.

मी साहेबांना विचारलं, "हा न्यूट्रल करतो तरी काय?"

"तिघींच्या मधे बसतो. कुणाची बाजू घेत नाही. जिचं जास्त होईल ते पोटात घेतो आणि परत पाठवतो."

"हे मी तीन जावांमधे बसून पस्तीस वर्षं केलंय."

साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "तिन्ही जावांचा दाखला आणा."

थोरल्या शेवंताबाईंनी सही दिली. अनसूयानं अंगठा दिला. धाकटी गोकुळा अडून बसली. म्हणाली, काहिलीतली हळद करपली तेव्हा तू शेवंताची बाजू घेतलीस, चूक माझी म्हणालीस. मला तो दिवस आठवतो. गुरुवार होता, कासारीण आली होती. जाळावर बसायचं सोडून गोकुळाच बांगड्या भरायला गेली, आणि तिला बोलल्या त्या शेवंताबाई. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. कासारणीनं भरलेल्या बांगड्यांचा रंगही मी सांगू शकते, मोरपंखी. तीस वर्षं ही बाई तो आळ माझ्यावर ठेवून जेवली.

"आधी चुकलं म्हण," गोकुळा म्हणाली. "मग सही."

उंबऱ्याबाहेर वैजयंता उभी होती. त्या दिवशी अठ्ठावीस तारीख होती.

"चुकलं," मी म्हणाले.

गोकुळानं सही केली आणि वर मला ताकही विचारलं नाही.

तीस तारखेला सकाळी नऊला मी गॅरेजात खुर्ची टाकून बसले. बजरंगनं पायाच्या अंगठ्याला तांब्याची तार गुंडाळली, माझं नाव लिहून घेतलं. तिघी आल्या. वैजयंतानं मुठीएवढा लोखंडाचा तुकडा लेथमधे धरला, बटण दाबलं आणि लेथ फिरला. दुपारी तिनं होसूरला नकार कळवला.

तेव्हापासून रोज नऊ ते पाच मी मधे बसते. लाल पिवळीला टोमणे मारते, पिवळी निळीला. मला सुनावतात ते वेगळंच. खुर्ची जुनी, लुगडं विटकं, पान खाते. मी गप्प. एकदा नुसती भुवई वर केली तर शेजारच्या गल्लीपर्यंत दिवे फडफडले आणि कार्यालयातून समज आली.

पाच वाजता वैजयंता मेन स्विच पाडते. तिघी पदर झटकून खांबाकडे जातात. मग ती माझ्या अंगठ्याची तार सोडते, हातातला काळा फडका बाजूला ठेवते आणि समोर जमिनीवर बसते.

"हां आत्या," ती म्हणते, "आता बोला."

आणि मी जेवणापर्यंत बोलते.