थंडीत फिरणारा पंखा

आमच्या गल्लीतले मल्लूअण्णा लिंबू दाबून घेत नाहीत, मीटर लावून घेतात. शर्टाच्या खिशातून लाल-काळ्या वायरींच्या दोन सुया काढायच्या, लिंबात टोचायच्या आणि आकडा बघायचा. "ह्यात रस न्हाय, ठेव."

"ओ अण्णा, टोचलेलं लिंबू आता कोण घील?" भाजीवाली ओरडते. मग अण्णा मुकाट्यानं तेच घेतात.

सगळी नोकरी चादरीच्या दुकानात केलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर मोबाइलवर बघून इलेक्ट्रॉनिक्स शिकला. मी पत्रकं काढणारी बाई. नळाच्या पाण्यावर लिहिलेलं पत्रक मी त्यांना वाचायला दिलं, तर म्हणाले, "लई झ्याक लिवलंय. पण टाकीत किती बोटं पाणी आलं, बघितलंस का? मोज आदी, मग बोंबल." संतापच आला. घसा कोरडा पडलेल्यानं आधी मोजमाप करायचं?

महादेवीकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजवा हात गेला. तेव्हा अण्णांनी त्यांच्या उशाशी पाच बटनांची पेटी बसवली. पाणी, चहा, दिवा, पंखा आणि 'या की'. काकूंनी जन्मभर नवऱ्याला तेवढीच हाक मारली होती. पाचही बटनं एकाच वायरीवर. जे बटन दाबाल त्याचा विजेचा आकडा वेगळा, आणि त्या आकड्यावरून अण्णांनी स्वतः जोडलेला सर्किटचा बोर्ड बटन ओळखायचा. दिवा-पंखा आपोआप लागत, बाकीच्यांना स्वयंपाकघरात वेगवेगळी घंटी.

आणि ऐन थंडीत पंखा लागायला लागला. खाली काकू कुडकुडतायत, वर तो गरगरतोय. अण्णा धावत येऊन बंद करायचे. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

"व्होल्टेज!" मी म्हणाले. "पलीकडचे यंत्रमाग सुरू झाले की वीज घसरते. मोर्चाच नेते."

"मोजलंय. वीज सरळ हाय."

त्यांनी बटनं बदलली, वायर बदलली, सोल्डरिंग पुन्हा केलं. स्वतः एकेक दाबलं की सगळं बरोबर. काकूंनी दाबलं की पंखा!

शेवटी मी वैतागले. "अण्णा, पेटीत दोषच नाही. कशाला उकरत बसलाय?"

ते हळू आवाजात म्हणाले, "पेटीत न्हाय, तर मग कुटं हाय, पोरी?"

दवाखान्यातल्या डॉक्टरनं काकूंशी एक शब्दही न बोलता सांगून टाकलं होतं की आता डोकंही हळूहळू जाईल. असल्या डॉक्टरवर खरं तर पत्रक काढायला हवं! पण त्या क्षणी मला एवढंच कळलं, की हा माणूस पेटीत दोष सापडावा म्हणून देव पाण्यात घालून बसलाय.

मी काकूंजवळ जाऊन बसले. पेटी सोडली, त्यांचा हात बघत राहिले. चहाची वेळ झाली तसा डावा हात सरकला. अंगठा 'चहा'वर टेकला. करंगळी ताणत ताणत 'या की'वर गेली. दोन्ही एकदम दाबली. पंखा सुरू.

"अण्णा! दोन दाबतायत!"

अण्णांनी मीटर लावला. दोन बटनं मिळून आकडा खाली घसरत होता, थेट पंख्याच्या आकड्यावर. "च्या... आन् या की," ते पुटपुटले. "दोनी एकदम कशाला?"

"कशाला म्हणजे? चहा पाजला की लगेच त्या बोर्डाकडं पळता तुम्ही! दोघांचा चहा आणा आणि बसा, म्हणतायत त्या."

काकूंचं अर्धं तोंड हसलं. अण्णा बघतच राहिले. पंखा बंद करायचंही भान राहिलं नाही, तो मीच केला.

आता त्या आकड्याला वेगळी घंटी आहे. परवा मी नवं पत्रक घेऊन गेले आणि नेमकी तीच वाजली. मीटर ओट्यावर पडलेला, अण्णांच्या दोन्ही हातांत कप.

"मोजलंय मी, यावेळी," मी म्हणाले.

"असू दे की. मंग ये," अण्णा म्हणाले. "च्या निवतुय."