पाण्याचं एटीएम आणि धाकोजीचा काळा दगड

एका जंगलात, मुलांनो, तहान लागली की नाणं लागायचं. हसू नका, तुमच्याकडेही लागतं. वाघमहाराजांनी तळ्याला कुंपण घातलं होतं, आणि फाटकावर एक नाणं दिलं की घडाभर पाणी मिळायचं.

फाटकावर धाकोजी नावाचा ससा बसायचा. तो नाण्यांचा पारखी. त्याच्यासमोर एक काळा दगड असायचा. आलेलं नाणं तो दगडावर टाकायचा आणि कान टवकारायचा. खण्ण वाजलं तर खरं, बद्द वाजलं तर खोटं. त्याच्या आज्यापासून हेच काम चालत आलं होतं. नाणं झिजलेलं असो, चेपलेलं असो, रेड्याच्या खुराखाली वाकलेलं असो, चांदीचं असेल तर ते वाजायचंच. खोटं नाणं आलं तर धाकोजी ते हळूच परत द्यायचा आणि म्हणायचा, चुकून आलं असेल. समोरचा खाली मान घालून जायचा. तेवढी लाज तेव्हा जंगलात शिल्लक होती.

मग वाघमहाराज शेजारच्या जंगलात एका लग्नाला गेले आणि तिथे पाण्याचं एटीएम बघून आले. परतल्यावर त्यांना आपल्या जंगलाची लाज वाटू लागली. राजांना अशी लाज अधूनमधून वाटते. तिचा खर्च प्रजा करते.

महिन्याभरात एटीएम आलं. सोबत एक माकड इंजिनिअर आला, काळा चष्मा लावून आणि गळ्यात ओळखपत्र अडकवून. त्याने सभेला समजावून सांगितलं, की नाणं फटीत टाकलं की मशीन त्याची रुंदी बघतं, जाडी बघतं, वजन बघतं. मग ते नाणं तारेच्या वेटोळ्यातून घसरतं, आणि त्या तारेत खेळणाऱ्या विजेवरून धातू कोणता ते मशीनला कळतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. गव्याने सगळ्यात जास्त डोलावली, कारण त्याला काहीच कळलं नव्हतं.

"फक्त आधी त्याला खरं नाणं दाखवावं लागतं," इंजिनिअर म्हणाला. "पन्नास खरी नाणी आणा. ती जशी असतील, तसंच नाणं मशीन पुढे कायम घेईल."

पन्नास नाणी खजिन्यातून आली. खजिनदार होता रंगराव तरस. आता हा रंगराव गेली सात वर्षं खजिन्यातली चांदीची नाणी घरी नेत होता आणि त्यांच्या जागी शिशाची ओतून ठेवत होता. सगळी एका साच्यातली, एका मापाची, दिसायला अगदी चकचकीत. खजिन्याचं दार उघडून बघायची वेळ महाराजांवर कधी आली नव्हती, त्यामुळे कारभार स्वच्छ होता.

इंजिनिअर एकेक नाणं फटीत टाकू लागला. आत ते पेटीत पडायचं. बद्द. बद्द. बद्द. कोपऱ्यात बसलेल्या धाकोजीचे कान आपोआप उभे राहिले. पन्नासावं पडल्यावर तो पुढे झाला आणि म्हणाला, "महाराज, ही पन्नासच्या पन्नास खोटी आहेत."

रंगराव सारवासारव करायला उठला. पण त्याला तोंड उघडावंच लागलं नाही. इंजिनिअरच हसायला लागला. कानाला सर्दी होते, तो म्हणाला, कानाला म्हातारपण येतं, कानाला सोयरेधायरे असतात. मशीनला यातलं काहीच नाही. महाराजांना हे फार आवडलं.

"मशीन लाच खात नाही," ते म्हणाले.

"खात नाही, महाराज. पण त्याला पहिला घासच खोटा भरवलाय," धाकोजी म्हणाला.

पोटावर पाय येतोय म्हणून ओरडतोय, असं सभेचं मत पडलं. त्याच दिवशी धाकोजीला कामावरून काढलं. दगड मात्र घरी न्यायची परवानगी दिली. महाराज तसे दयाळू होते.

दुसऱ्या दिवशी एटीएमपुढे रांग लागली. पहिल्या हरणाने नाणं टाकलं. लाल दिवा लागला, आतून गोड आवाज आला की क्षमा करा, आपलं नाणं अमान्य आहे, आणि नाणं खालच्या वाटीत परत आलं. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचं तेच. संध्याकाळपर्यंत अख्ख्या जंगलाची नाणी अमान्य झाली. आणि मुलांनो, मशीन चुकलं असेल असं एकालाही वाटलं नाही. हरणीने नवऱ्याला झापलं की हे कुठून आणलंस. भावाभावांत मारामाऱ्या झाल्या. जो तो स्वतःला खोटा समजून मान खाली घालून घरी गेला. मूर्खांना लाज वाटायला लागली की ती थांबत नाही.

तिसऱ्या दिवशी रंगरावाने फाटकाजवळ दुकान टाकलं. पाटी लावली: 'मशीनला चालणारी नाणी मिळतील. जुनी तीन द्या, नवं एक घ्या.' गर्दी उसळली. रंगराव समाजसेवक आहे, असं लोक म्हणू लागले.

धाकोजी गेला नाही. घरी त्याची बायको येसू नुकतीच बाळंत झाली होती. चार पिल्लं अंगाला चिकटलेली आणि अंगात दूध नाही, कारण प्यायला पाणी नाही. चार दिवस दोघांनी दवाने ओली झालेली पानं चाटली. पाचव्या दिवशी सगळ्यात धाकटं पिल्लू रडायचं थांबलं. ते बघून येसू म्हणाली, "तुमचं खरं राहू द्या. मला एक खोटं आणून द्या."

धाकोजी तीन खणखणीत नाणी घेऊन दुकानात गेला. त्याबदल्यात मिळालेलं नाणं त्याने सवयीने दुकानाच्या पायरीवर टाकून बघितलं. बद्द.

"हे खोटं आहे," तो म्हणाला.

"गॅरंटीने खोटं," रंगराव म्हणाला. "नाही चाललं तर बदलून देईन."

चाललं. हिरवा दिवा लागला, घडा भरला, पिल्लू वाचलं. धाकोजीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढे एटीएमला वर्ष झालं. वर्धापनदिनाला महाराज स्वतः सर्वांसमोर पाणी पिणार होते. त्यांनी गळ्यातलं राज्याभिषेकाचं नाणं काढलं, शुद्ध चांदीचं, त्यावर त्यांचाच चेहरा, आणि फटीत टाकलं. लाल दिवा. पुन्हा टाकलं. पुन्हा लाल दिवा. तिसऱ्या वेळी भोंगा वाजला आणि पहाऱ्यावरची रानडुकरं सवयीने धावली. नाणं टाकणाऱ्याचा पंजा त्यांनी धरला, मग वर बघितलं, मग सोडला.

महाराजांनी धाकोजीला बोलावलं. तो दगड घेऊन आला. नाणं टाकलं. खण्ण असा आवाज तळ्याच्या पलीकडच्या काठापर्यंत गेला.

"खरं आहे, महाराज."

महाराज विचार करू लागले. नाणं खरं असेल तर मशीन चुकलं. मशीन चुकलं असेल तर ते आणणारे चुकले. आणणारे आपणच. आपण चुकणं तर शक्य नाही. म्हणून नाणं खोटं. असा सरळ विचार करता येतो, म्हणून तर ते राजे होते.

लगेच हुकूम निघाला. मशीन घेईल तेच नाणं, बाकी सगळी मोड. रंगराव तरस टाकसाळीचा प्रमुख झाला. आणि इतकी वर्षं निष्ठेने सेवा केल्याबद्दल धाकोजी सशाचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. शिवाय तहहयात पेन्शन मिळाली. दरमहा एक नाणं, तेही जुन्या काळचं, खात्रीने खरं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

घरी येऊन धाकोजीने ते दगडावर टाकलं. पिल्लांनी कान टवकारले. त्यांनी असा आवाज कधी ऐकला नव्हता.

"किती छान वाजतं," धाकटं म्हणालं. "याचं पाणी मिळतं का?"

"अशी तीन झाली की मिळेल," येसू म्हणाली, आणि तिने रिकामा घडा भिंतीशी पालथा घातला.

तात्पर्य: खोटं कधी ना कधी उघडं पडतंच, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. ते अगदी बरोबर आहे. म्हणून, मुलांनो, खोट्याने फार वाट बघू नये. खऱ्याचे नमुने मागवतील त्या दिवशी सगळ्यात पुढे जाऊन उभं राहावं.