नव्व्याण्णव टक्क्यांचे परबकाका

परबकाका वेफर्सचं पाकीट आधी कानाशी धरतात. मग दोन बोटांनी दाबतात, कोपरा जरासा फाडतात, फटीला नाक लावतात आणि डोळे मिटतात. आजूबाजूला कोण आहे याची पर्वा नाही. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला ओमानात, अल् खुवैरच्या आमच्या फ्लॅटमध्ये वीस-बावीस पोरं हात पसरून उभी होती आणि काका एकेक पाकीट हुंगून निकाल जाहीर करत होते. "अठ्ठ्याण्णव... साडेअठ्ठ्याण्णव... ह्या कोणी भरल्यान? सत्त्याण्णव! शरम नाय वाटली?"

"आई," मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "हे अंकल सगळ्यांचे चिप्स स्मेल करतायत. यू टेल हिम ना!"

मी काय सांगणार? ती पाकिटं आमच्याच कारखान्यातली, आणि त्यांच्यात जो नायट्रोजन भरलेला असतो तो काकांच्या हातचा. आता नायट्रोजनला वास नसतो. क्वालिटी विभागात माझी नऊ वर्षं गेली, एवढं मला नक्की कळतं. तरी दुसऱ्या दिवशी मी गुपचूप त्याच बॅचची पाकिटं लॅबच्या मीटरवर तपासली. काका फार तर अर्ध्या टक्क्याने चुकले होते. हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. आधीच डोक्यावर बसलेत.

रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत आमचा वेफर्सचा कारखाना आहे. पाकिटात साधी हवा राहिली तर तिच्यातल्या ऑक्सिजनने वेफर्सचं तेल खवट होतं, म्हणून आत नायट्रोजन भरतात. तो आम्ही विकत आणत नाही, इथल्याच हवेतून काढतो. त्याचं मशीन म्हणजे कपाटाएवढी चौकट आणि तिच्यात उभे पाइप. प्रत्येक पाइपात केसासारख्या बारीक, आतून पोकळ अशा लाखो धाग्यांची जुडी. एका टोकाने दाबाखाली हवा सोडायची. ऑक्सिजन धाग्यांच्या भिंतींतून बाहेर निसटतो, नायट्रोजन बहुतेक सगळा दुसऱ्या टोकाला पोचतो.

काकांच्या भाषेत हे शास्त्र फार सोपं आहे. "ऑक्सिजन उतावळो. भिंत दिसली काय पळालो. नायट्रोजन शाणो माणूस, सरळ चलता."

कुडाळजवळच्या एका खेड्यातून आलेला हा माणूस बावीस वर्षं ओमानात आहे, त्यातली चौदा या मशीनपाशी. मशीनरूमच्या दारात त्यांनी वेगळे बूट ठेवलेत. बाहेरचे बूट घालून आत पाऊल टाकलं की संपलं. "आमची पाकिटं निम्मी हवेनेच भरलेली असतात" हा जगभर शिळा झालेला विनोद आमच्याकडे बंद खोलीतसुद्धा कोणी करत नाही. आमचा प्लांट मॅनेजर सालिम, मोठा हसरा ओमानी इंजिनियर, त्याने पहिल्याच दिवशी तो केला. काकांनी या 'अर्बाब'ला, म्हणजे साहेबाला, मशीनसमोर उभं करून पाऊण तास समजावलं. "अर्बाब, ये हवा नहीं. हवा खलास! हवा उधर से गया, ये नायट्रोजन. हवा बोलने का नहीं." तेव्हापासून सालिम मीटिंगमध्येसुद्धा 'हवा' म्हणताना दाराकडे बघतो.

या मशीनचा एक स्वभाव आहे. व्हॉल्व जास्त उघडला की गॅस भरपूर मिळतो, पण शुद्धता घसरते. कमी उघडला की थोडा मिळतो, पण चोख. काकांनी यावर आयुष्याचं तत्त्वज्ञान उभं केलंय. "जास्त मागशीत तर घाण गावतली." रुवीच्या बाजारातल्या एका हॉटेलात थाळी खाताना माझ्या नवऱ्याने चौथ्यांदा सोलकढी मागितली तेव्हा त्यांनी हेच ऐकवलं. मी जास्त बोलायला लागले की ते हवेतच एक चाक फिरवल्यासारखा हात करतात. "वाईच व्हॉल्व बंद कर गो बाय."

असा माणूस रजेवर कसा जाणार? दोन वर्षांपूर्वी काकू अचानक गेल्या तेव्हा ते धावत गेले, दिवसकार्य उरकून परत आले, आणि त्यानंतर घरी गेलेच नाहीत. तीनदा रजा मंजूर झाली, तीनदा त्यांनीच रद्द केली. एकदा फिल्टर बदलायचे होते, एकदा ऑक्सिजन मीटर 'संशयास्पद' वागत होता, आणि एकदा तर नुसतंच "तिचो आवाज बरो येणा नाय." मशीन कुणाच्या हाती द्यायला त्यांचा जीव धजत नाही, हे अख्ख्या कारखान्याला माहीत होतं.

यंदा त्यांच्या मुलीचा, शुभदाचा, मला फोन आला. ती कुडाळातच दिलेली आहे. "ताई, दिवाळीला बाबांना पाठवा. दोन वर्षं घर बंद आहे. मी जाऊन झाडून येते, पण सणाला घरात दिवा लागायला हवा ना हो. काही करा, पण यंदा त्यांना विमानात बसवा."

बसवते म्हटलं. मी नाशिकची आहे, शब्द दिला की दिला. सालिमला गाठलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढायला लावलं, आणि काकांपुढे जाऊन उभी राहिले. "मशीन मी सांभाळणार. शिकवा मला."

त्यांनी मला खालपासून वर न्याहाळलं, जणू मी त्यांच्या मुलीला मागणी घालायला आले होते.

मग दहा दिवस शिकवणी चालली. सकाळी मशीन सुरू केलं की पहिला गॅस बाहेर सोडायचा, शुद्धता आली की मगच लाइनला द्यायचा. ऑक्सिजन मीटर बाहेरच्या हवेवर धरून वीस पॉइंट नऊ टक्के दाखवतो का बघायचं. खोलीचा पंखा बंद दिसला तर आत जायचं नाही, कारण नायट्रोजन साठला तर माणूस कळायच्या आत आडवा होतो. आणि सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे तेल! हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला तेल लागतं, पण त्याचा थेंब जरी फिल्टर ओलांडून त्या धाग्यांपर्यंत गेला तर धागे कायमचे मेले. म्हणून दर दोन तासांनी फिल्टरखालचा नळ पांढऱ्या कागदावर सोडून बघायचा. पाण्याचा डाग चालेल, पिवळा नको.

"पिवळा दिसला तर?"

"तर माका तोंड दाखव नको."

दसऱ्याला मशीनची पूजा झाली. काकांची पूजा कोरडी असते. समई नाही, कारण तेल. उदबत्ती नाही, कारण धूर कॉम्प्रेसर ओढून घेतो. हळदकुंकूसुद्धा चिमटीत धरून लांबून. रुवीहून आणलेलं एकच झेंडूचं फूल चौकटीवर, आणि नारळ थेट गेटाबाहेर फोडायचा. मग मला किल्ली देऊन ते लेकीसाठी खरेदी करायला रुवीला गेले. आयुष्यात पहिल्यांदा मशीनरूममध्ये मी एकटी होते, आणि खोटं कशाला बोलू, छाती चांगली दोन इंच फुगली होती.

जेवणाच्या सुट्टीत लाइन थांबली. कॉम्प्रेसर बंद केला, दाब शून्यावर आला, तेल किती आहे ते दाखवणारी कॉम्प्रेसरवरची काच बघितली. तेल निम्म्यावर होतं.

आमच्या घरी दसऱ्याला काहीही अर्धं ठेवत नाहीत. आई पहाटे उठून मिठाची बरणी, तांदळाचा डबा, पाण्याची कळशी, देवाजवळची तेलाची बाटली, सगळं काठोकाठ भरायची. सणाच्या दिवशी घरात उणं दिसू नये. माझा हात आपोआप तेलाच्या कॅनकडे गेला. सणासुदीला बिचारीचं पोट अर्धं कशाला? झाकण उघडलं आणि ओतलं, काच पूर्ण भरेपर्यंत. वर नमस्कारही केला.

लाइन सुरू होऊन दोन तास झाले. नियमाप्रमाणे कागद धरून नळ सोडला. पिवळा! डाग नाही, ओघळ.

काकांना फोन लावला. "काका, मी तेल भरलं."

"किती?"

"पूर्ण."

पलीकडे दुकानदार भाव सांगत होता, त्याला काकांनी मध्येच तोडलं. मग एकदम, "बंद कर! आधी बंद कर, मगे रड!"

तासाभरात ते टॅक्सीने आले. दोन्ही हातांत पिशव्या. त्या तशाच माझ्या अंगावर टाकल्या, बूट बदलले (तेवढ्यातही बदलले) आणि आत घुसले. मला वाटलं आता माझी चामडी लोळवणार. पण काका चक्क खुशीत होते. बावीस वर्षं लहान झाल्यासारखे! "पान्हो दे. न्हानसो. हो नाय, तो!" हवेबरोबर पुढे वाहून जाणारं जादा तेल काढलं. तिन्ही फिल्टर उपसले. पहिला तेलाने निथळत होता, दुसरा ओला, तिसऱ्याला कडेला ओल. दर फिल्टरला मी देवाचं नाव घेत होते आणि काका तोंडाने कसलीशी आरती गुणगुणत होते.

"आता खरी परीक्षा," ते म्हणाले. तिसऱ्या फिल्टरच्या पुढे उरलंसुरलं तेल शोषणारी कोळशाची टाकी, आणि तिच्यापुढे लगेच धागे. नवे फिल्टर बसवून धाग्यांकडचा रस्ता बंद ठेवला, टाकीनंतरची बारीक तोटी उघडली आणि तिच्यासमोर धरायला पांढरंशुभ्र काहीतरी हवं म्हणाले. मी पिशवीत हात घातला. जावयासाठी घेतलेला नवा कोरा सदरा निघाला.

"धर तोच!"

दहा मिनिटं फुस्स करून हवा त्या सदऱ्यावर येत होती. दारात पॅकिंगची माणसं जमली, सालिम आला, त्याच्यामागे सेफ्टीवाला आला. काकांनी तोटी बंद केली, सदरा उजेडात नेला, उलटा केला, सुलटा केला.

स्वच्छ!

मी तर किंचाळलेच. सालिमने "अल्हम्दुलिल्ला" म्हणून सेफ्टीवाल्याला मिठी मारली. मशीन सुरू झालं आणि काका क्रिकेटची कॉमेंट्री केल्यासारखे आकडे सांगू लागले. "चौऱ्याण्णव... शहाण्णव... अठ्ठ्याण्णव... चल गो माझे बाये... नव्व्याण्णव!" टाळ्या पडल्या. लाइनचा पट्टा पुन्हा धावायला लागला.

गर्दी पांगल्यावर काका हात पुसत म्हणाले, "आता माका जावक जमाचा नाय. आठ दिवस नजर ठेवूक व्हयी. तिकीट रद्द करूक सांग." आणि हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की मी चमकले.

"नजर सालिम ठेवेल. मशीनवाल्या कंपनीचा माणूस उद्या येतोय. सगळं चोख आहे, तुम्हीच आत्ता दाखवलंत. मग अडतंय कुठे?"

ते बोटांच्या बेचक्यांतलं तेल पुसत राहिले. तिथे तेल नव्हतं.

"काका, खरं सांगा. मशीनसाठी थांबता का तुम्ही?"

"बावीस वर्सां येतंय-जातंय," ते म्हणाले. "दर खेपेक ती माका उंबऱ्यातच अडवायची. भाकरीचो तुकडो नि पाणी ओवाळून टाकायची, पायार पाणी घालायची, मगेच आत. मी वरडायचंय, अगो, पाय भाजतत, आत घे. ती म्हणायची, परदेशातसून इलास, अशे कशे आत येशात?" हातातल्या फडक्याची त्यांनी घडी घातली. "ती गेली तेव्हा मी गेलंय, तर घर माणसांनी भरलेला. मी सरळ आत गेलंय गो बाय. कोणी माका थांबयल्यान नाय. आता थंय जावन कुलूप काढूचा, आणि तसोच सरळ आत जावचा... माका जमणा नाय."

दोन वर्षं आम्ही या माणसाला हसत होतो. मला माझीच लाज वाटली. मी त्यांच्या पिशव्या उचलून गाडीत ठेवायला गेले, आणि गाडीत बसून शुभदाला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः त्यांना विमानतळावर सोडलं. वाटेत ते फिल्टरबद्दल सूचना देत होते आणि मी हो-हो म्हणत होते. आत जाताना वळून म्हणाले, "तेल निम्म्यारच ठेव." मी कानाला हात लावला.

संध्याकाळी शुभदाचा फोन आला. मी कारखान्यातून निघायच्या बेतात होते.

"ताई, आले बाबा. मी आधीच येऊन दार उघडून उंबऱ्यात उभी राहिले होते. अंगणातून येताना मान खालीच होती त्यांची. मी म्हटलं, थांबा तिथेच. बॅगच पडली हातातून. आईसारखं जमलं नसेल मला. निम्मं पाणी माझ्याच पायांवर सांडलं. तुकडा टाकून म्हटलं, या आत. तर हलेचनात."

"मग?"

"म्हणाले, 'आणि एकदा ओवाळ गो.' मग मी परत आत जाऊन भाकरी मोडून आणली. ओवाळलं परत."

पलीकडे ती नाक ओढत होती.

"आणि आत आले?" मी विचारलं.

"आले ना. देवाजवळ दिवा लावलाय त्यांनी. आता चुलीपुढे बसून माझ्याशी भांडतायत, आमटीत मीठ कमी आहे म्हणून."