पोटावरची कनकलता

तुळजाराम पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं धोतर, आणि सदरा घालून उभे राहिले, ते निव्वळ नातीच्या भिडेखातर. जननीने तंजावुरातल्या एका शाळेत शिबिर भरवलं होतं. मडकी, सुपं, माणसं, जे हाताशी येईल त्यावर प्रोजेक्टरने हलती चित्रं पाडायची. आजोबांच्या अंगावरून कावेरी वाहणार होती. काम एवढंच, सरळ उभं राहायचं आणि हलायचं नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नेमकं हेच जमत नाही, हे त्या पोरीला कोण सांगणार! सकाळपासून तिने दहा वेळा बजावलं आणि अकरा वेळा ते हलले.

त्यांचा जीव दुसरीकडेच अडकला होता. साठीला मुलांनी तिकडच्या रिवाजाप्रमाणे त्यांचं बायकोशी, कनकलतेशी, पुन्हा लग्न लावलं होतं, त्याची व्हिडिओ कॅसेट त्यांनी जननीला संगणकात घालायला दिली होती. कनकलता जाऊन आठ वर्षं झाली. घरातलं कॅसेटचं यंत्र तर तिच्याही आधी गेलं. भिंतीवरच्या फोटोत ती हलत नाही, बोलत नाही, हेच त्यांना सोसत नव्हतं. जननी महिनाभर 'उद्या दाखवते' म्हणत होती.

दिवे मालवले आणि मुलं खिदळायला लागली.

"पाणी आलं का गं?"

"अय्यो, चुकीची फाइल लागली, आजोबा. तुमच्या पोटावर आजी लाडू वाढतेय."

झालं! तुळजाराम वाकले, तर पोटावर नुसते रंगाचे डाग. वळले, तर बायको पाठीवर गेली. बाजूला सरकले, तर मागच्या काळ्या पडद्याने तिला गिळलं. सगळ्या शिबिराला दिसणारी बायको एकट्या नवऱ्याला दिसेना. मागे सरताना वेष्टीत पाय अडकून तीन मडकी फुटली. मुलांना तो कार्यक्रमच वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांनी तडक सदरा उतरवला, जननीच्या काळ्या टी-शर्टवर चढवला, तिला जागेवर उभं केलं आणि स्वतः उघड्या अंगाने प्रोजेक्टरशेजारी गेले.

चित्रात आता हार घालणं चाललं होतं. कनकलतेचा चेहरा नातीच्या चेहऱ्यावर आला आणि नाकावर नाक बेतून बसलं. आवाज कॅसेटमधून केव्हाच उडाला होता. चित्रातली कनकलता शेजारच्या नवऱ्याकडे बघून हळूच काहीतरी म्हणत होती. "आजी बोलतेय!" मुलं ओरडली.

"आजी काय सांगते?" जननीने विचारलं.

"मला सांगते." तुळजाराम म्हणाले. "सरळ उभे राहा, हलू नका, फोटो बिघडतो."

मग चित्र संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.