भुजंगमामाच्या वायपरची दोरी

भुजंगमामाच्या पिकअपमध्ये डाव्या दाराशी बसायला कोणालाच परवानगी नव्हती. जागा मोकळी असायची, पण आपण बसायचं मधे, गिअरच्या दांड्याशी गुडघे भांडत. दुसरा गिअर टाकायचा झाला की मामा म्हणायचे, "गुडघा आवर." चौथ्याला काही म्हणायचे नाहीत, कारण तोवर आपण शहाणे झालेलो असायचो.

बरं, आपण मधे बसलो म्हणजे दार लगेच लागायचं असंही नाही. मामा बाहेर दार धरून उभे राहायचे, कोणी म्हातारं माणूस सावकाश चढत असावं तसे. मग खाली उंबऱ्याकडे बघायचे, म्हणायचे, "थांब, पदर अडकंल," आणि हवेतलंच काहीतरी चिमटीत धरून आत सारायचे. त्यानंतर दार लावायचे, तेही अगदी हळू. त्यांच्या बाजूचं दार मात्र असं आपटायचे की मागच्या शेळ्या दचकायच्या.

मी झरीचा. शेळ्या पाळतो. जिंतूरच्या बाजारात न्यायच्या झाल्या की शेजारच्या मामांचीच गाडी सांगतो. गावात आणखी दोन पिकअप आहेत, नव्या आहेत, त्यांत गाणी लागतात. पण मामांच्या हाताखाली शेळी आडवी पडत नाही. खड्डा आला की ते आधी मागं वळून शेळ्यांना सांगतात, "धरून ऱ्हावा." शेळ्या कशाला धरतात ते मला माहीत नाही, पण राहतात उभ्या.

सुंदरामामी वारल्या तेव्हापासून मामांचं हे सुरू झालं होतं. मामी होत्या तेव्हा दोघं मिळूनच गाडी चालवायचे असं म्हटलं तरी चालेल. स्टेअरिंग मामांकडे, बाकी सगळं मामींकडे. पोरंबाळं नाहीत. त्यामुळे मामी गेल्यावर घर बंद राहायला लागलं आणि मामा गाडीतच जास्त दिसायला लागले. गाव म्हणायचं, भुजंगाचं डोकं सरकलं. माझी आई म्हणायची, "सरकलं न्हाई. त्यानं जागा दिली थोडी." कोणाला जागा दिली ते आईनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला त्याच गाडीत बसायचं होतं.

मामांना काहीही सांगा, उत्तर एकच. टायर गुळगुळीत झालाय. "काय फिकीर न्हाई." हॉर्न वाजत नाही. "काय फिकीर न्हाई, शेळ्या वरडतात की." वायपर तर कित्येक वर्षं बंद होता. मोटर जळालेली. कोणीतरी मोटरचा दांडा सोडवून दोन्ही वायपर मोकळे करून दिले होते आणि त्यांना दोरी बांधली होती. एक टोक मामांच्या खिडकीतून आत, दुसरं डाव्या खिडकीतून. मामांनी ओढलं की वायपर इकडे यायचे, तिकडून ओढलं की तिकडे जायचे. म्हणून डाव्या खिडकीची काच बाराही महिने दोन बोटं उघडी. तिथून दोरी आत यायची आणि सीटवर अंथरलेल्या वाकळीखाली जायची. पुढं ती कुठं बांधली होती ते मी कधी पाहिलं नव्हतं. वाकळीला हात लावलेला मामांना चालत नसे.

फाल्गुनातली गोष्ट. बाजार करून आम्ही परत निघालो होतो. दोन शेळ्या विकल्या नव्हत्या, त्या मागं ओरडत होत्या. बोरीच्या अलीकडे आभाळ एकदम काळं झालं. भर दुपारी रस्त्यावरच्या गाड्यांनी दिवे लावले. अवकाळी आलाच, वर गाराही. टपावर कोणी मुठीनं खडे फेकावेत तसा आवाज, आणि काचेतून काही म्हणता काही दिसेना.

मी म्हणालो, "मामा, बाजूला घ्या."

"काय फिकीर न्हाई," म्हणत मामांनी एका हातानं दोरी ओढली.

वायपर उजवीकडे आले. मामांनी दोरी सैल सोडली. आणि वायपर डावीकडे गेले.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. तीनचार वेळा झाल्यावर मी डावीकडे पाहिलं. खिडकीतून आत आलेली दोरी ताणली जात होती, मग सैल पडत होती, मग पुन्हा ताणली जात होती. वाकळ तेवढ्यापुरती जराशी हलायची. सीटवर कोणी नव्हतं. मागच्या शेळ्या केव्हाच गप्प झाल्या होत्या.

"हळू वढ," मामा म्हणाले. "हात कापंल."

"मी कुठं ओढायलोय, मामा?"

"तुला न्हाई म्हनलो."

झरी येईपर्यंत मी गिअरच्या दांड्याला इतका चिकटून बसलो की मामांना एकदाही गुडघा आवर म्हणावं लागलं नाही, कारण गिअर बदलायला जागाच नव्हती. घरासमोर उतरलो तो शेळ्या मागंच विसरून सरळ घरात शिरलो. आईनं विचारलं, "काय झालं रे?" मी म्हणालो, "गारा." दुसरं काय सांगणार?

पुढच्या आठवड्यात गाडीचं पासिंग होतं. वायपर चालू नसला तर आताशा पासिंग होत नाही, एवढं मामांनाही ठाऊक होतं. पण ते आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. शेवटी मीच सकाळी गाडीत जाऊन बसलो, मधे, आणि आम्ही जिंतूरला अन्वरभाईंच्या गॅरेजवर गेलो. अन्वरभाई गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "भुजंगराव, ये गाडी है का बैलगाडी? कासरा कशाला बांधला?"

मामा हसले नाहीत.

अन्वरभाईंनी वायपरचे हात काढले, काचेखालची जाळी उचकटली, आतलं सगळं बाहेर घेतलं. ग्रीस जुन्या गुळासारखं घट्ट झालं होतं. मोटर पार जळालेली, बुश झिजून गेलेले. त्यांनी दांडे डिझेलमध्ये धुतले, बुश नवे घातले, जुन्या गाडीची एक चांगली मोटर आणून बसवली. मामा शेजारी उभे राहून बघत होते. मधेच म्हणाले, "डाव्या बाजूचं ऱ्हाऊ द्या तसंच."

"असं कसं ऱ्हाईल? दोन्ही एकाच दांड्यावर हायेत."

मग दोरी काढायची वेळ आली. अन्वरभाई डाव्या दारातून आत वाकले. मामा म्हणाले, "मी काढतो." त्यांनी स्वतः वाकळ उचलली, घडी घालून छातीशी धरली. खाली दोरीच्या टोकाला ट्यूबची रबरी पट्टी बांधलेली होती. पट्टीचं दुसरं टोक सीटच्या लोखंडाला.

मला एकदम हलकं वाटलं. मामा ओढायचे, रबर ताणायचं, सोडलं की रबरच वायपर परत न्यायचं. मी म्हणालो, "मामा, हे होय. अन् मी आठवडाभर जेवलो न्हाई नीट."

अन्वरभाईंनी पट्टी हातात घेतली. ती मधोमध तुटलेली होती. त्यांनी दोन्ही टोकं उजेडात धरली, अंगठ्यानं चोळली. तुटल्या जागी धुळीचा थर बसून कडक झाला होता.

"ये तो कवाच तुटलंय," ते म्हणाले. "लय दिवस झाले असतील."

मी म्हणालो, "गेल्या आठवड्यात चालू होतं. मी बघितलंय."

"वाऱ्यानं जात असंल वायपर," अन्वरभाई म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पट्टी खाली ठेवली.

मामा खाली पायरीवर बसले. म्हणाले, "मी बांधली होती ती पट्टी. तुझी मामी गेल्यावर बांधली. मंग एक दिवस वढ निराळी लागायली. रबराची वढ एकसारखी असती. ही थांबून थांबून यायली. मानसासारखी."



"तिला परभणीला दवाखान्यात नेलं ना, तवा असाच पाऊस होता," मामा म्हणाले. "अंगात ताप. मी म्हनलं, पडून ऱ्हा. तर म्हनली, मंग काच कोन पुसनार? झरीपासून दोरी वढत आली. दर थोड्या वेळानं इचारायची, दिसतंय का तुमाला? मी म्हनायचो, दिसतंय. काही दिसत नव्हतं मला. पन न्हाई म्हनलो असतो तर अजून जोरात वढली असती." त्यांनी वाकळीवरून हात फिरवला. "मोटर बसवू म्हनायची. मी म्हनायचो, काय फिकीर न्हाई."

"मग आता तरी बसवायची ना, मामा," मी म्हणालो. "इतके दिवस का थांबलात?"

"कामाचं मानूस हाय ते. हाताला काम हाय म्हनून येत असंल. मोटर बसल्यावर कशाला येईल?"

अन्वरभाईंनी बटण दाबून बघितलं. वायपर झरझर फिरले. त्यांनी लगेच बंद केले, उगाच काही चुकीचं केल्यासारखं.

निघताना मामांनी वाकळ पुन्हा अंथरली, सगळ्या सुरकुत्या काढून. बोरीच्या पुढं भुरभुर सुरू झाली. मामांनी बराच वेळ बटण दाबलं नाही. काच थेंबांनी भरून गेली, समोरचा ट्रक लांबट दिसायला लागला, तेव्हा दाबलं. वायपर फिरायला लागले. एकसारखे, कोणालाही न विचारता. मामा समोर बघत होते आणि त्यांचा जबडा घट्ट झाला होता. मीही डावीकडे बघायचं टाळलं.

कितीतरी वेळ तसाच गेला. मग मामांनी गाडी हळू केली, मान तिकडे वळवली आणि बघत राहिले. त्यांचा चेहरा सैल झाला.

मी विचारलं, "काय झालं, मामा?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलीय," ते म्हणाले.

झरीपर्यंत आम्ही सोयाबीनबद्दल बोललो, पण हळू आवाजात.