पंकप्रेमी मंडळ, मोहटोला

लहानू दुधेने सरकारी पत्र तिसऱ्यांदा वाचले आणि तिसऱ्यांदाही त्यात तेच लिहिलेले होते.

‘आपल्या पंकप्रेमी मंडळाने मोहटोला येथील तलावातील गाळ काढण्याचे जे अभिनंदनीय कार्य हाती घेतले आहे, त्याची पाहणी करण्यासाठी जिल्हा कार्यालयातील साहेब येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता येत आहेत. सर्व सदस्यांनी कामाच्या वेशात हजर राहावे.’

मंडळाचे सदस्य एकूण दोन होते. एक लहानू स्वतः, मूल गावच्या राइस मिलमध्ये धानाची पोती मोजणारा. दुसरा त्याचा शाळेपासूनचा मित्र चैतू कुमरे, बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात लागलेला. या दोघांनी आयुष्यात तलावातून काही काढले असेल तर एकदा चैतूची चप्पल. गाळाचा आणि त्यांचा संबंध इतकाच.

त्यांचा संबंध होता तो एका कॅसेटशी. कारखान्यात मुंबईहून शिकायला आलेल्या एका इंजिनिअर पोराने जाताना ती चैतूला देऊन टाकली होती. वर निळ्या पेनाने एकच शब्द लिहिलेला होता: पंक. आत चारपाच इंग्रज माणसे एकाच वेळी भांडत होती आणि मागून कोणीतरी पत्र्याच्या पिंपावर दगड मारत होते. इंग्रजी दोघांनाही नीट कळत नव्हते. पण पहिल्याच दिवशी लहानू उठून उभा राहिला होता.

“हा माणूस कोणाले तरी झाडून राह्यला बे,” तो म्हणाला होता. “कोणाले, ते नाई माहीत. पण आपल्या मिलच्या मालकालेच म्हणून राह्यला असं वाटते.”

त्या दिवसापासून दोघे रविवारी आंब्याखाली बसून ती कॅसेट ऐकत. गावात तिला ‘चैतूचं भांडण’ म्हणत. म्हशी दूध द्यायच्या वेळी ती लावायची नाही, असा ठरावच झाला होता. तरी दोघांचे प्रेम कमी झाले नाही. उलट असे काहीतरी आपल्याला आवडते, जे तालुक्यात दुसऱ्या कोणालाच आवडत नाही, याचा दोघांना गुप्त अभिमान होता.

पण कॅसेट एकच. दुसरी मिळेना. म्हणून त्यांनी रेडिओला पत्र लिहिले, की कृपया पंक लावावे. उत्तर आले, की एकट्यादुकट्याची विनंती घेतली जात नाही, नोंद असलेल्या मंडळाची घेतली जाते. दोघांनी लगेच मंडळ काढले, शिक्का बनवला, आणि नोंदीचा कागद ग्रामसेवक सोमाजीभाऊंच्या टेबलावर ठेवला. त्याला आता दोन महिने झाले होते, आणि आता हे पत्र आले होते.

लहानू पत्र घेऊन धावतच ग्रामपंचायतीत गेला. सोमाजीभाऊ पान लावत बसले होते. ते गावातले एकमेव गृहस्थ, ज्यांच्या घरी शब्दकोश होता, आणि तो वाचलेला होता.

“सोमाजीभाऊ, हे गाळाचं काय आहे जी?”

“तुमच्या मंडळाचं आहे,” सोमाजीभाऊ प्रसन्नपणे म्हणाले. “अरे, पंक म्हंजे चिखल. पंकात जन्मते ते पंकज. पोरायले चिखलाचं प्रेम आहे हे वाचून मले असं भरून आलं का, मी तीन पानं अहवाल पाठवला वर.”

“पण पंक म्हंजे गाणं आहे!”

“कोणतं गाणं?”

“चैतूचं भांडण.”

सोमाजीभाऊंच्या हातातले पान तसेच राहिले. “तीन पानं लिवली म्या,” ते पुटपुटले. “त्यात ‘रात्रंदिवस’ असा शब्द आहे. ‘तरुणांचा सागर’ असा आहे.”

“म्या आत्ताच जाऊन साहेबाले खरं सांगतो.”

“सांगून तं पाह्य!”

हा आवाज दारातून आला. दारात गिरजाबाई उभ्या होत्या. तलावावर मासेमारी करणाऱ्या बायांच्या त्या पुढारी. डोक्यावर टोपली होती आणि टोपलीत बोटाएवढे चार मासे.

“हे पाह्यले काय?” त्यांनी टोपली खाली केली. “चार तास पाण्यात उभी होती मी. पाणी गुडघ्याएवढं, खाली गाळ कमरेएवढा. बारा वर्सं झाले आमी अर्ज करून राह्यलो. एक साहेब आला नाई. आन तुमी दोघं एका शिक्क्यावर साहेब आणता, अन वापस पाठवता?”

“बाई, पण आमी गाळ काढतच नाई ना!”

“मंग काढा. गुरुवारले दोन दिवस आहेत.”

“दोघंच आहो आमी.”

“दोघं कशाले? उद्यापासून आमी साऱ्या बाया पंकप्रेमी.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “त्याच्यात उपास तं नाई ना करा लागत?”

सोमाजीभाऊंनी त्याच दुपारी सदस्यांची यादी वाढवली. बेचाळीस नावे झाली. चैतू मात्र कारखान्यात ड्युटीवर होता. त्याच्याकडे फक्त सायकलवाल्याबरोबर चिठ्ठी गेली: ‘गुरुवारी साहेब येतो. कामाच्या वेशात ये.’ चिठ्ठीत गाळाचा शब्द घालायचे लहानू घाईत विसरला.

गुरुवारी सकाळी साडेनऊला चैतू बांधावर उगवला, तेव्हा दोन बाया टोपल्या टाकून पळाल्या.

साहेब पंक ऐकायलाच येतो आहे, अशी त्याची समजूत होती, आणि अशा वेळी मंडळाची शोभा राखायची त्याने मनोमन शपथ घेतली होती. मुंबईच्या पोराने त्याला एकदा मासिकातला फोटो दाखवला होता. त्याप्रमाणे त्याने नव्या शर्टाच्या बाह्या फाडल्या होत्या आणि पुन्हा पिनांनी जोडल्या होत्या. केस धावड्याच्या डिंकाने सरळ वर उभे केले होते. मूलला रेल्वेतून उतरून सायकलवर येताना रस्त्याची सारी धूळ त्या डिंकावर बसली होती, त्यामुळे डोक्यावर वारूळ फुटल्यासारखे दिसत होते. एका हातात टेप, दुसऱ्या हातात उधार आणलेला भोंगा.

“हे काय करून आला बे?” लहानूने कपाळाला हात लावला.

“कामाचा वेश,” चैतू म्हणाला. “तूच लिवलं. आन तू काऊन असा लंगोटी लावून चिखलात उभा?”

“केस धू पयले!”

“निंघत नाई. इस्टेशनावर पाह्यलं धुऊन. अजून घट झाले.”

पुढचे बोलायला वेळ मिळाला नाही. जीप आली होती.

साहेब पुण्याकडचे, नवे, आणि मनाने फार हळवे होते. जीपमधून उतरले तर समोर चाळीस बाया टोपल्यांची रांग करून उभ्या, आणि सगळ्यांच्या पुढे चैतू. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

“काय नाव तुझं?”

“चैतू कुमरे, साहेब. मंडळाचा सचिव.”

“केसांच्या टोकापर्यंत चिखल!” साहेबांचा आवाज घोगरा झाला. “आणि शर्टाच्या चिंध्या झाल्या, तरी पिना लावून कामावर हजर! सोमाजी, तुमचा अहवाल वाचला तेव्हा मला ती अतिशयोक्ती वाटली होती. मी माफी मागतो.”

सोमाजीभाऊंनी मान खाली घातली. ती विनयाने घातली, असे साहेबांना वाटले.

“बरं, कामाला सुरुवात करा. तुमच्या मंडळाचं काही श्रमगीत वगैरे आहे का?”

लहानू ‘नाई’ म्हणायला तोंड उघडणार, तोच चैतूने ‘आहे ना साहेब’ म्हणून टेपचे बटण दाबले. भोंगा तलावाकडे तोंड करून होता. पलीकडच्या काठावरचे सगळे बगळे एकदम उडाले. साहेबांची टोपी पडली की त्यांनी स्वतः काढली, यावर गावात पुढे बरेच दिवस वाद होता.

“ही भाषा कुठली?” साहेबांनी ओरडून विचारले. “गोंडी का?”

“नाई साहेब,” चैतू ओरडला. “गोंडी तं माह्या घरी बोलते. हे सिरोंच्याकडचं असन.”

साहेबांनी जीपचा ड्रायव्हर पोचू याच्याकडे पाहिले. तो सिरोंच्याचाच होता, घरी तेलगू बोलणारा. पोचूने हात जोडले. “तेलगू नाई साहेब. मले वाटलं, पुण्याकडची मराठी आहे.”

तेवढ्यात लोकांचे लक्ष तलावाकडे गेले. त्या पत्र्याच्या पिंपाच्या ठोक्यावर टोपल्या सरकू लागल्या होत्या. एरवी बाया ओव्या म्हणत संथपणे टोपली देत. आता ठोक्याला टोपली देणे भाग होते, कारण मागची बाई पुढच्या ठोक्याला दुसरी टोपली घेऊन उभी राही. थांबलीस की चिखल अंगावर. रांग अशी पळू लागली की बांधावर गाळ टाकणाऱ्या म्हातारीने ‘अवो, हळू, माय!’ म्हणून हाका मारल्या, पण त्या कोणाला ऐकू येणार?

आणि मग गाण्यातला तो माणूस जिथे सगळ्यात जोरात ओरडत असे, तिथे गिरजाबाई ओरडल्या. इंग्रजीत नव्हे. त्यांनी बारा वर्षे अर्ज घेणाऱ्या कारकुनाचे नाव घेतले आणि त्याच्या कुळाचा उद्धार केला. चाळीस बाया हसल्या, आणि पुढच्या वेळी चाळीस बाया ओरडल्या. एकीने दारूड्या नवऱ्याचे नाव घेतले, एकीने सासूचे, एकीने रेशनच्या तांदळातल्या खड्यांचे. साहेब वहीत लिहून घेत होते: ‘लोकगीतात स्थानिक प्रश्नांचे प्रतिबिंब.’

लहानू कमरेएवढ्या चिखलात उभा होता. आंब्याखाली ऐकताना जे नुसते वाटत होते, ते इथे समोर घडत होते. दुपारी एकपर्यंत सरकारी मोजमापाने आठ दिवसांचे काम झाले. साहेबांनी जागेवर मजुरी, धान्य आणि दोन महिन्यांचे काम मंजूर केले, आणि जाताना चैतूच्या डोक्याला श्रद्धेने हात लावला. हात चिकटला. पोचूने रॉकेल आणून तो सोडवला.

मृगापर्यंत तलाव बायांच्या छातीएवढा खोल झाला. त्या पावसाळ्यात गिरजाबाईंच्या टोपलीत हातभर लांबीचे मरळ मासे आले. आजूबाजूच्या गावांतून, आपापल्या लहान तळ्यांसाठी, निरोप येऊ लागले: ‘आमच्या बोडीवरबी पंक पाठवा.’ गिरजाबाई वीस बाया घेऊन जात, पत्र्याचे पिंप नेत. कॅसेट केव्हाच घासून मुकी झाली होती, पण तिची आता कोणाला गरज नव्हती. धानाच्या रोवणीला पंक, लग्नात पंक, पोळ्याच्या मिरवणुकीत बैलांपुढे पंक. म्हशींचा ठरावही कोणी पाळीना. म्हशीच उलट पंक लावल्याशिवाय दूध देत नाहीत, असे गावातली म्हशीवाली केसरबाई शपथेवर सांगे.

सगळीकडे आनंद होता. फक्त लहानू कुढत होता.

“पयले आपण दोघंच होतो,” तो चैतूला म्हणाला. “तवा कशी मजा होती. आता कोणीबी उठते अन पंक म्हणते.”

“तुले तेच पाह्यजे होतं ना? साऱ्यायनं आयकावं म्हणून?”

“आयकावं म्हटलं होतं. आवडावं असं कोण म्हटलं?”

पुढच्या महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत सरकारी मंडपात मंडळाला मानाने बोलावणे आले. वैनगंगेच्या वाळूत माणूस मावत नव्हता. लहानूने वर्षभर कोणाला न सांगता शेतात जाऊन सराव केला होता. आज पुढच्या रांगेत उभे राहायचे त्याने ठरवले होते. पिंप वाजले, बाया सुटल्या, लहानूने डोळे मिटून गळा मोकळा सोडला.

दुसऱ्याच कडव्याला गिरजाबाईंनी हात वर केला. पिंप थांबले.

“लहानू, तू निंघ बाहेर.”

“काऊन बाई? काय चुकलं?”

“चुकलं नाई, तेच तं. तू सुरात गाऊन राह्यला. मांगच्या बायायले झोप येऊन राह्यली. जा, त्या लोकायत बस.”

लहानू मंडपातल्या मंचावरून उतरला. मागे पुन्हा पिंप कडाडले. तो गर्दीत घुसायला पाहू लागला, पण पुढे जागाच नव्हती. एका धिप्पाड, फेटेवाल्या शेतकऱ्याने खांद्यावर नातू बसवला होता. दोघेही ठोक्यावर माना हलवत होते. लहानूचा पडलेला चेहरा बघून त्या माणसाला त्याची दया आली.

“पयल्यांदाच आयकून राह्यले काय, भाऊ?” त्याने विचारले. “असंच होते. सुरुवातीले कोणालेच नाई समजत. चार-दोन डाव आयका, मंग गोडी लागते.”

लहानूने काहीतरी सांगायला तोंड उघडले. तेवढ्यात पुढून गिरजाबाईंची ती सणसणीत आरोळी आली. त्यात वनखात्याने जंगलाच्या वाटेवर लावलेल्या फाटकाचा उद्धार होता आणि ती अगदी नवी होती. लहानूने टाचा उंचावल्या.

“जरासे सरका ना भाऊ,” तो म्हणाला, “मले दिसून नाई राह्यलं.”